सरकत्या भिंतीचं सभागृह

"भिंत ओढा रे," आबा म्हणाले, आणि दोन तरुण उठले. पंगत बसलेली. पत्रावळी मांडलेल्या. आमच्या वस्तीतली माणसं एका टोकाला होती, बाकी गाव दुसऱ्या टोकाला. मधून नवी सरकती भिंत हळूहळू पुढं येऊ लागली. माझी आई पदर सावरत उठली. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

ती भिंत मी आखली होती.

मी बारामतीला वास्तुकला शिकते. आम्ही मातंग. वडील एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहेत. दुसऱ्या वर्षी कॉलेजनं काम दिलं, गरजेप्रमाणं बदलता येईल असं एखाद्या गावाचं सभागृह आखा. मी आमचंच गाव घेतलं, पणदऱ्याच्या पुढचं. मधोमध सरकती भिंत ठेवली. एरवी एका बाजूला बायकांचा शिवणवर्ग, दुसऱ्या बाजूला पोरांचा अभ्यास. लग्नकार्य असलं की भिंत घडी घालून कोपऱ्यात, आणि सगळं गाव एका छताखाली. 'सगळं गाव' असं नकाशाखाली लिहिताना माझा ऊर भरून आला होता. किती खुळी होते मी.

आबा म्हणजे आमचे सरपंच. त्यांनी नकाशा मागितला, मी आनंदानं दिला. सभागृह उभं राहिलं. उद्घाटनाच्या जेवणाचं आवतण वस्तीलाही आलं. गाव जेवून उठल्यावर जेवायची ज्यांना जन्मभराची सवय, ती म्हातारी माणसं पहिल्या पंगतीला बसली. वाढपी यायच्या आत भिंत निघाली.

मी आबांपुढं गेले. "आबा, भिंत कशाला?"

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जुन्या माणसांना चालत न्हाय गं. तुमालाबी मोकळं बसता येतंय. तूच तर सोय करून ठिवलीस, पोरी."

लोक हसले. शाळेत माझ्या वर्गात असलेलेही हसले. माझ्या शिक्षणाचं पार मातेरं झालं. लाज वाटली, आणि लाज मला का वाटावी म्हणून संताप आला.

वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, "गप बस बाय. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय."

मी पत्रावळ उचलली. भिंत ज्या लोखंडी पट्टीवरून सरकते, त्या पट्टीवर मांडी घालून बसले. भिंत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून थांबली.

"ऊठ," ओढणारा म्हणाला.

"न्हाय उठत."

"मग वाढायचं न्हाय तुला."

"नका वाढू."

खरंच कुणी वाढलं नाही. आमच्यातलंही कुणी शेजारी येऊन बसलं नाही. पंगत जेवून उठली, तरी माझी पत्रावळ कोरडीच.

पुढं काही बदललं नाही. आवतण अजून येतं. आता वस्तीतली माणसं आपणहून पलीकडं बसतात, कुणाला सांगावंही लागत नाही. वडील माझ्याशी कामापुरतं बोलतात. हे गाव सुधारेल असं मला वाटत नाही, आणि तशी आशा धरायचीही मी सोडून दिली आहे.

पण तिथं जेव्हा जेव्हा पंगत बसेल, तेव्हा मी जाणार. बोलावलं तरी, न बोलावलं तरी. त्या पट्टीवर बसणार. वाढा नाहीतर उपाशी ठेवा. भिंत लावायचीच असेल, तर आधी मला उचलावं लागेल.