गुळातली गोळी

ते स्वप्न मला अजून पडतं. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरच्या परेड ग्राउंडवर खाडीचं पाणी चढलेलं असतं, घोट्याएवढं, कोमट. आम्ही सगळी पोरं त्यातनं कदमताल करतोय. कवायत घेणारा उस्ताद तोंड उघडून ओरडतोय, पण आवाज काही येत नाही. मग त्याच्याऐवजी मीच ओरडतो, हुबेहूब त्याच्यासारखा, नाकातनं, शेवटचा शब्द गिळून. अख्खी लाइन थांबते. आणि मागनं आई येते, पदर खोचलेला, तळहातावर गुळाचा खडा. म्हणते, "आदी खा रं, मंग कर काय ते."

फौजेत मी पाचच महिने होतो. तेही आता स्वप्नासारखेच आठवतात, मधूनच सुरू होतात आणि मधूनच तुटतात.

सेंटरला मी मजेत होतो. पनवेलजवळच्या कोन गावापुढच्या आमच्या गावातनं थेट फौजेत गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चेष्टा करायला घरचं कोणी नव्हतं. तिथे मग मीच सगळ्यांची करायचो. एकदा बराकीत उस्तादची नक्कल चालली होती, पोरं खाटेवर लोळत होती, आणि अचानक सगळी उठून ताठ झाली. वळून बघतो तर उस्ताद दारात. म्हटलं, संपलो. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मेरा खाँसना छूट गया."

खरंच, खोकला राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून मी खोकलापण घेतला. बड्या खान्याला, म्हणजे सगळ्या सेंटरच्या मेजवानीला, त्यानेच मला स्टेजवर ढकललं.

पाचव्या महिन्यात मला दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टर साहेबांच्या टेबलावर एक झेरॉक्स पडलेली. कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा डाग होता, झेरॉक्समध्ये काळा झालेला. तो आईचा अंगठा मी लगेच ओळखला. वर पनवेलच्या डॉक्टरांचं मुंगीच्या पायांचं अक्षर होतं.

"ये तुम हो?" साहेबांनी विचारलं.

मीच होतो. भरतीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, मनाच्या आजारावर कधी इलाज घेतलाय का. त्यावर मी 'नहीं'ला टिक केलेली. पंधरा दिवसांत डिस्चार्जचा कागद हातात आला. आजार लपवून भरती झाला, असं त्यावर लिहिलेलं.

ती झेरॉक्स एवढ्या लांब कशी पोचली? त्यासाठी आमच्या घरची पिशवी माहीत पाहिजे. आमच्याकडच्या जमिनी सरकारने घेतल्या तेव्हा बदल्यात त्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढा प्लॉट मिळायचा, पण ज्याच्याकडे कागद त्यालाच. आमच्या चुलत आजोबांची एक पावती हरवली आणि ते मरेपर्यंत ऑफिसच्या पायऱ्या चढत राहिले. तेव्हापासून गावात कोणी कागद टाकत नाही. आमच्याकडे साडीच्या दुकानाची एक जाड प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात सातबारापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं. आणि नियम असा की साहेबाने एक कागद मागितला तर सगळे द्यायचे. नंतर खेपा नकोत.

मी सेंटरला गेल्यावर घरी पोलीस आला, चौकशीला. मुलगा कसा आहे, शाळेचा दाखला दाखवा. आईने त्याला चहा दिला आणि पिशवी दिली. तोही बिचारा कामाचा पक्का निघाला. सगळ्याची झेरॉक्स काढून, टाचून, वर पाठवली. आईने त्याला पोहेसुद्धा खाऊ घातले होते.

पिशवीतली ती फाइल अकरावीच्या वर्षाची, म्हणजे बाबा गेले त्या वर्षाची. बाबा द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात कामाला होते. रोज दुपारी शिफ्टवरून आले की ओट्यावर बसून आत हाक मारायचे, "पानी दे गं." ते गेले, तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या एका दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. ऊन असं पिवळं, जड, गावामागच्या एक्सप्रेसवेचा आवाज समुद्रासारखा येत होता. माझ्या तोंडून हाक गेली. ठरवून नाही. पण आवाज त्यांचाच, तंतोतंत.

"पानी दे गं."

आतनं भांडं वाजलं. आई म्हणाली, "आनते." आणि तांब्या घेऊन बाहेर आली.

मला बघून ती उंबऱ्यात थांबली. तांब्या माझ्यापुढे धरला आणि मी ते पाणी प्यायलो.

त्यानंतर मी बोलायचाच थांबलो. झोपही गेली. दिवसभर अंथरुणात पडून हायवेवरचे ट्रक ऐकायचो. कुठला भरलेला, कुठला रिकामा, कुणाचा ब्रेक रडतो, सगळं ओळखू यायला लागलं. छतावरचा उजेड भिंतीवरून सरकत खाली यायचा आणि मला वाटायचं, मी पाण्याखाली आहे आणि ही सगळी माणसं वरनं होडीतनं वाकून बघतायत.

आईने दोन्हीकडे नंबर लावला. गावच्या भगताकडे आणि पनवेलच्या डॉक्टरांकडे. भगताने अंगारा दिला, डॉक्टरांनी गोळ्या. गोळ्यांचं पाकीट मी कुंपणाबाहेर भिरकावलं आणि महिनाभरातलं पहिलं वाक्य बोललो, "मी येडा नाय."

"बरं," आई म्हणाली, "नको खाऊ. अंगारा तरी खाशील ना?"

मग रोज सकाळ-संध्याकाळ गुळाच्या खड्यात अंगारा. हळूहळू डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं, झोप यायला लागली. एका सकाळी मी शेजारच्या काकूंचा आवाज काढून आईकडे साखर मागितली. तिने वाटी भरून पुढे केली आणि मग रडत बसली. गावात भगताचं नाव झालं.

डिस्चार्ज घेऊन परत आलो तेव्हा आईने मला मागच्या पडवीत बसवलं.

"तो अंगारा नवता," ती म्हणाली. "म्हंजे व्हता, पन त्यात डॉक्टरची गोळी कुटून घालीत व्हते. तुला नाय सांगितला."



हे ऐकून सुभेदारकाका खूश झाले. काका शेजारच्या गावचे, फौजेतनं रिटायर झालेले, सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. वाक्यातला प्रत्येक शब्द वेगळा उभा करून बोलायची त्यांना सवय होती.

"वहिनी, केस बन गया. ज्याला औषधाची जानकारीच नाही, तो लपवणार काय? अपील ठोकतो."

पनवेलला तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. तिथे आईचं प्रतिज्ञापत्र टाइप झालं. मुलाला न सांगता औषध दिलं, असं. टायपिस्टने ते मोठ्याने वाचून दाखवलं, बाजूला उसाचा रस पिणारे दोघं ऐकत होते. आईने अंगठ्याला शाई लावली. खाली माझीही सही होती, मला जानकारी नव्हती म्हणून. मी सही केली. पेन छान चाललं.

काही महिन्यांनी बोलावणं आलं. मुंबईला फौजेच्या दवाखान्यात तीन डॉक्टरांचा बोर्ड बसणार होता. काकांनी माझ्याकडून एक वाक्य घोटून घेतलं, "नहीं साब, मुझे जानकारी नहीं थी." मी ते आधी काकांच्याच आवाजात म्हणून दाखवलं तर चपराक बसली. बोर्डाने ऐकलं तर मी परत सेंटरला जाणार होतो. उस्ताद, बराक, माझी खाट. मला ते सगळं इतकं हवं होतं की रात्रीचं सोडा, भर दुपारी जेवताना मला बिगुल ऐकू यायचा.

बोर्डात मधे एक मॅडम होत्या, मराठी. त्यांनी आधी आईला विचारलं.

"मुलाला न सांगता औषध दिलंत?"

"हो."

"किती दिवस?"

"वरीसभर."

"म्हणजे तुम्ही त्याला फसवलंत?"

आईने हात जोडले. जमीन गेली तेव्हासुद्धा तिने कुठल्या साहेबापुढे हात जोडले नव्हते, कंबरेवर ठेवून भांडली होती. "हो बाय. मीच फसवला. त्याचा काय दोष नाय."

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत नव्हतं?"

वाक्य जिभेवर होतं. उस्तादच्या आवाजात गेलं असतं, काकांच्या गेलं असतं. आई हात जोडून तशीच उभी होती.

"गोळी गुलाबी होती, मॅडम," मी म्हणालो. "राख गुलाबी नसते."

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पाकीट तांदळाच्या डब्यात, खाली पुरलेलं असायचं. मी बघितलं होतं. तरी खायचो गुपचूप. तिला वाटत होतं मला कळत नाही, तर म्हटलं वाटू दे."

"आणि फॉर्ममधलं?"

"ते मी खोटं लिहिलं. आईला वाचता येत नाही. तिने फक्त पिशवी दिली."

"याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुला?"

"हो, मॅडम."

बाजूच्या डॉक्टरांनी फाइल बंद केली. पंखा फिरत होता. एवढं शांत वाटलं की तिथेच झोप येईल असं झालं.

परतीची एसटी वाशीच्या पुलावर आली. खाली खाडी ओहोटीची, चिखलावर ऊन चमकत होतं.

"मंग मी वरीसभर दार लावून कुटीत व्हते, ते तुला म्हाईत व्हता?" ती म्हणाली.

"हो."

"खलबत्त्याखाली गोधडी घालून. तुला आवाज येव नये म्हनून."

"म्हाईत हाय."

"तरी आवाज यायचा?"

"मला तवा समदेच आवाज यायचे."

तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण तिचे खांदे हसत होते. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मग ती थांबली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "फौज गेली ना रं?"

"गेली."

तिने माझं डोकं ओढून खांद्यावर ठेवलं. पनवेल स्टँडला कंडक्टरने उठवलं तेव्हा तीही झोपलेली होती.

पावसाळा संपता संपता पत्र आलं. मी ओट्यावर उभा राहून साहेबी आवाजात वाचायला लागलो, छाती काढून, खोकल्यासकट.

"नीट वाच," आई म्हणाली. "तुज्या आवाजात."

मग मी वाचलं. अपील नामंजूर, डिस्चार्ज कायम. दोनच ओळी होत्या. बाकी सगळे शिक्के.

आईने कागद घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं, आणि पिशवी काढली. डॉक्टरच्या फाइलमागे तो नीट सरकवून ठेवला. मग परत काढून माझ्याकडे दिला.

"याच्या आदी दोन झेरॉक्स मारून आन," ती म्हणाली.