वर कोण असतं?

माझ्या वडिलांनी आटपाडी तालुक्यात किती विहिरी खणल्या, याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. पाणी किती विहिरींना लागलं, ते मात्र ते अजून बोटांवर सांगतात. पुढे गावोगाव बोअरच्या गाड्या आल्या आणि आण्णांचं काम थांबलं.

त्यामुळे आमचं अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला. आण्णांना समुद्राच्या पाण्याखाली उतरवायचं. पाण्यासाठी जन्मभर खाली उतरलेल्या माणसाने एकदा तरी भरपूर पाण्यात उतरावं, असं मला फार वाटत होतं. आईलाही चल म्हटलं होतं. पण म्हैस व्यायला झाली होती. आई म्हणाली, "समुद्र कुठं पळून जात न्हाई. म्हस थांबायची न्हाई." मग आण्णा, मी आणि माझा नवरा असे तिघंच निघालो.

बेटावरच्या बाजारात दर दहा पावलांवर डायव्हिंगची पाटी होती. माझा नवरा फलटणचा, साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या साताऱ्याच्या घरात साधा मिक्सर आला तो दीड महिन्याच्या अभ्यासानंतर. इथेही त्याने मोबाईलवर यादी केली होती. कुणाला किती तारे, कुणाचे फोटो फुकट, कुणाची होडी मोठी. पहिल्या क्रमांकाच्या दुकानात गेलो तर तिथल्या तरुणाने कोरे फॉर्म पुढे सरकवले आणि म्हणाला, सही करा, दहा मिनिटांत निघू.

आण्णांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्येला इच्यार, आपून खाली गेल्यावर वर कोन असतं?"

नवऱ्याने हिंदीत विचारलं. तरुण हसला. वर कोण कशाला, सगळे खालीच मजा करतात, म्हणाला. आण्णा उठले आणि चप्पल घालून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

हा प्रश्न कुठून आला, ते मला ठाऊक होतं. विहिरीत उतरताना आण्णा खोली कधी विचारत नसत. वर कोण उभं आहे, ते बघत. माती वर ओढायच्या यारीवर चार गडी असायचे, पण आण्णांच्या कमरेचा दोर आईच्या हातात असायचा. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तो कधी दिला नाही. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सगळं ठीक, तीन म्हणजे ओढून घे. दोर हातात असताना आई कुणाशी बोलायची नाही. मी डबा घेऊन गेले तरी माझ्याकडे बघायची नाही.

दुसरं दुकान मला फार आवडलं. आत एसी, भिंतीवर रंगीत माशांचे मोठाले फोटो, आणि वर एक माणूस होडीत थांबतो असंही त्यांनी सांगितलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात आण्णा दिसेनात. ते मागच्या बाजूला गेले होते. नळकांड्यांत हवा भरायचा कंप्रेसर तिथे धडधडत होता. सुरुंगाची भोकं पाडायच्या कंप्रेसरवर आण्णांनी कितीतरी वर्षं काढलेली. त्यांनी हवा ओढायच्या नळीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या जनरेटरकडे दाखवलं. जनरेटरचा धूर सरळ त्या नळीकडे जात होता.

"आगं, ह्यो धूर बाटलीत भरत्यात आन् त्योच आपल्याला प्याया देनार. हितं न्हाई."

बरोबर होतं त्यांचं, पण माझं डोकं फिरलं. परवा सकाळी आमचं परतीचं विमान होतं, आणि पाण्याखाली जाऊन आल्यावर एक दिवस विमानात बसता येत नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. भर रस्त्यात माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आवं आण्णा, ही काय तुमची आटपाडीची हीर हाय व्हय? जग उतरतंय की! तुमाला उतरायचंच न्हाई, तर सरळ सांगा!"

आण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला तेव्हाच स्वतःची लाज वाटली, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी तरातरा पुढे चालत राहिले.

तिसरं दुकान माझ्या नवऱ्याच्या यादीत नव्हतंच. नारळाच्या झाडाखाली पत्र्याची शेड आणि एक करड्या केसांच्या बाई. त्यांनी आधी आम्हाला बसवलं आणि एकेक करून खोदून खोदून चौकशी केली. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, गोळ्या कसल्या चालू आहेत. सगळ्या प्रश्नांना पटापट "नाही" म्हणायची आपली सवय. नवराही तसंच म्हणत होता आणि मध्येच सटकन शिंकला. बाईंनी पेन ठेवलं. सर्दी असताना खाली गेलात तर कान फुटेल, तुम्ही वरच बसायचं. तारे मोजून मोजून ज्याने आम्हाला इथवर आणलं, तोच बाद झाला.

मग आण्णांचं ब्लडप्रेशर बघितलं. वरचा आकडा जास्त आला. बाई म्हणाल्या, असं असेल तर नेणार नाही. पण आता उन्हातून आलात, चहा घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघू. घाई असेल तर दुसरीकडे जा.

तो आकडा उन्हाने वाढला नव्हता. कशाने वाढला, ते मला पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, "आण्णा, चुकलं माझं."

"तुज्या आईचा पट्टा ऐकलाय मी तीस वर्सं," ते म्हणाले. "तुजा काय घिऊन बसलीस!" आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

अर्ध्या तासाने आकडा खाली आला. बाई म्हणाल्या, चला, चाळीस फुटांपर्यंत जाऊ. विहिरीची खोली परसात मोजतात, एक परस म्हणजे उभा माणूस. आण्णांनी हिशोब केला. "सात परस? येवढंच?"

पण त्यांचा प्रश्न अजून बाकी होता. मी तो विचारला तेव्हा बाई हसल्या नाहीत. आम्हाला होडीपाशी घेऊन गेल्या. तिथे एक म्हातारा नावाडी बसला होता. आम्ही वर येईपर्यंत तो होडी सोडत नाही, झोपत नाही, फोन घेत नाही, फक्त पाण्यावरचे बुडबुडे बघत बसतो, असं त्यांनी सांगितलं. आण्णांनी नांगराच्या दोराची गाठ दोन्ही हातांनी ओढून बघितली. नावाड्याने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. आण्णांनीही हलवली.

मग ते जावयाकडे वळले. "पाव्हणं, तुमी ह्येच्या शेजारी बसा. वर आपलं मानूस लागतं." फोटो काढायला सरसावलेला माझा नवरा मोबाईल खिशात ठेवून गुपचूप नावाड्याशेजारी जाऊन बसला.

पाण्याखालचं मला धड सांगता येत नाही. मी सांगलीत कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले, पण तिथल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नसे. इथे मात्र पार लांबवर सगळं निळं आणि स्वच्छ होतं. बाईंनी आण्णांना मागून धरलं होतं, दुसऱ्या एका शिक्षकाने मला. पिवळे मासे आण्णांच्या पोटाखालून जात होते. आण्णा तळाला टेकले, मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडून दिली. मान वर करून ते कितीतरी वेळ डोक्यावरचं पाणी बघत राहिले. मग त्यांनी माझा हात धरला आणि दोन हिसके दिले.

वर आलो. आण्णांनी तोंडातली नळी ओढून काढली आणि सगळ्या बेटाला ऐकू जाईल असे ओरडले, "पानी लागलं! पानी लागलं गं!" विहिरीच्या तळातून द्यायची ती हाळी मी लहानपणी मोजून तीनदा ऐकली होती. म्हातारा नावाडी टाळ्या वाजवायला लागला. माझा नवरा वाकून त्यांना होडीत ओढत होता आणि त्याचे डोळे सर्दीपेक्षा जास्तच लाल झाले होते. आयुष्यात मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

किनाऱ्यावर आल्याआल्या आण्णांनी आईला फोन लावला. ओल्या अंगाने, श्वास न घेता सांगत सुटले, सात परस खाली गेलो, नुसतं पानीच पानी, तळापातूर पानी. स्पीकर चालू होता, पलीकडे आई ऐकत होती. त्यांचं सांगून संपल्यावर तिने एकच विचारलं.

"वर कोन हुतं?"

"जावय हुतं," आण्णा म्हणाले.

"मग हरकत न्हाई," आई म्हणाली, आणि म्हशीला रेडी झाल्याचं सांगितलं.