आंब्याच्या खोलीतले पाहुणे

तयारी करण्यात आमच्या आतोबांचा हात धरील असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही, आणि एवढी तयारी करून नेमक्या वेळेला चुकण्यातही त्यांचा हात कोणी धरला नसता. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. मालगुंडच्या अलीकडे त्यांची कलमांची बाग आणि बागेतच घर. छत्रीच्या काड्या ते शिमग्यातच तपासून ठेवत. दहाच्या एस.टी.साठी आठला फाट्यावर जाऊन उभे राहत आणि पावणेदहाला काहीतरी राहिलं म्हणून घरी परत येत. एकदा राजापूरला जवळच्या लग्नाला निघालो होतो. वाटेत लागेल म्हणून सुतळी, हातोडी, बामची डबी आणि घरच्या विहिरीचं पाणी एवढं बांधून घेईपर्यंत दोन गाड्या गेल्या आणि आम्ही पोचलो तेव्हा मांडवात शेवटची पंगत उठत होती. आत्या लाजेनं अर्धी झाली. आतोबा मात्र शांतपणे मांडवाची एक दोरी सोडून पुन्हा बांधत होते. "सैल होती," एवढंच म्हणाले.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे हंगाम. आंब्याचा हंगाम सुरू झाला की या माणसाला बायको, मुलगी, दुखणारी दाढ, कशाचीही शुद्ध नसे. घरातली सगळ्यांत हवेशीर, पूर्वेकडची मोठी खोली आंब्यांची. तिथे आंबे पिकायला पेंढ्यात अढ्या लागायच्या आणि चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत त्या खोलीत माणसाला पाय ठेवायला जागा नसे. कोणतंही काम काढा, उत्तर ठरलेलं: "हंगाम आटपू दे." दाढसुद्धा त्यांनी एकदा हंगाम आटपल्यावर काढली. तोवर ती आपणहून पडायच्या बेतात आली होती, हे अलाहिदा. बागायतदारांच्या घरी हे असंच चालतं म्हणून आम्ही हसायचो. पण एका वर्षी हे हसण्यावारी गेलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी मंजू, माझ्याच वयाची, लग्न होऊन मुंबईला गेलेली. तिला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा फाल्गुनात तिचं पत्र आलं. इथे जिने चढून दगदग होते, लवकरच माहेरी येऊ का, असं विचारलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, त्यात विचारायचं ते काय. पण खोलीत अढ्या लागायच्या होत्या. आतोबांनी उलटटपाली लिहिलं, "हंगाम आटपला की खोली रिकामी होते. मग ये." मंजू मुंबईला असतानाच तिचं मूल सातव्या महिन्यात पोटात गेलं. कुठेही असती तरी हेच झालं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याला ते पटलं, मंजूलाही पटलं असावं. आतोबांना पटलं नाही. ते बागेत निघून गेले. त्यानंतर मंजू गणपतीत एक दिवस यायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. ती रागावलेली नसे, पाहुण्यासारखी असे. रागावली असती तर बरं, असं मला वाटायचं. अशी सहा वर्षं गेली.

आणि मग एका माघात, कलमं मोहोरावर असताना, मंजूचा फोन आला. तिच्या नवऱ्याचा एक साहेब परदेशी जाताना आपली शुगर ग्लायडरची जोडी तिच्या गळ्यात घालून गेला होता. हा ऑस्ट्रेलियातला प्राणी, दिसायला खारीसारखा, मुठीत मावेल एवढा. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. दिवसा झोपतो, रात्री जागतो आणि पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवतो. मंजूला नवऱ्याबरोबर दोन महिने मद्रासकडे जायचं होतं. "एप्रिल-मे ठेवाल का, बाबा? मीच घेऊन येईन," तिनं विचारलं, आणि लगेच म्हणाली, "हंगामाची अडचण होत असेल तर राहू दे." आत्या सांगते, की आतोबांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाले, "आण." जन्मभर बागेतली वानरं आणि वटवाघळं डबे बडवून हाकलणाऱ्या माणसानं उडती खार घरात घ्यायला एका शब्दात होकार दिला.

झालं. दुसऱ्या गुरुवारी आतोबा, मी शिकवते त्या शाळेच्या दारात हजर. रत्नागिरीत तेव्हा सायबर कॅफे नुकतं उघडलं होतं. "अगो, त्या यंत्रात सगळं सापडतं म्हणतात. ह्यांचं काय ते बघ," म्हणाले. मग दर गुरुवारी ते काचेच्या दारापाशी चपला काढून आत यायचे आणि मी इंग्रजी पानं काढून मराठीत सांगायची. ते शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचे, समासासकट. एकटं ठेवू नये, झुरतं. नुसत्या फळांवर ठेवू नये, हाडं ठिसूळ होतात. अंडं द्यावं, किडे द्यावेत. झाडाचा डिंक त्यांना फार आवडतो. डिंकाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं. "डिंक?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. त्या दिवशी बाजारातून ते शेरभर डिंक घेऊन गेले. दोन मुठीएवढे जीव, एवढा डिंक कोण खाणार, असं मी म्हणणार होते. पण बाळंतिणीसाठी आणतात तसा तो निवडून घेताना त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं तोंड मिटलं.

पिंजरा त्यांनी स्वतः केला. फणसाच्या लाकडाची चौकट, पुरुषभर उंच. जाळीतून डोकं शिरलं तर अंगही शिरतं, असं पानात लिहिलं होतं. म्हणून आतोबा सुपारी घेऊन जाळीचं एकेक भोक तपासत बसले. जाळीची सगळी भोकं एकसारखी असतात, हे मी सांगून पाहिलं. "सगळी माणसंही एकसारखीच दिसतात," असं उत्तर मिळालं. नवी जाळी व्हिनेगरनं धुवावी असंही लिहिलं होतं. व्हिनेगर म्हणजे काय तर आंबट, असा अर्थ लावून त्यांनी वर्षाचं कोकमाचं आगळ जाळीवर ओतलं. पिंजरा आठ दिवस जांभळा होता आणि आम्हाला त्या उन्हाळ्यात सोलकढी मिळाली नाही. रात्री जागायची सवय हवी म्हणून साडेआठला झोपणारा हा माणूस कॉफी पिऊन खुर्चीत बसायचा आणि नऊला तिथेच घोरायचा. "जागरण चाललंय त्यांचं, हळू बोला," आत्या म्हणायची.

आत्याकडे काम होतं झोपायच्या पिशव्या शिवायचं. टर्किश टॉवेल नको, धाग्यांत नखं अडकतात, मऊ कापड हवं, असं वहीत होतं. आत्या उठली आणि ट्रंकेतून पांढरं फ्लॅनेल काढून घेऊन आली. ते सहा वर्षांपूर्वी दुपट्यांसाठी आणलेलं होतं. आतोबांनी सुईत दोरा ओवून दिला.

सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांनी मला सर्वांत शेवटी सांगितली, तीही हिशेब चुकलेल्या पोरासारखं खाली बघत. बाग त्यांनी कराराने दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा. आंबा उतरायचा तो दुसऱ्यानं, अढी लावायची तीही दुसऱ्याच्या घरी. पूर्वेकडची खोली रिकामी करून, जमीन सारवून, पिंजरा तिथे मांडला होता. शेजारी एक खाट होती, खाटेवर नवी गादी. "त्यांना आंब्याच्या वासाचा त्रास नको," आतोबा म्हणाले. "आणि खाट?" मी विचारलं. "सुरुवातीचे काही दिवस जुन्या मालकानं जवळ राहावं, असं आहे वहीत." ते वहीत नव्हतं. वही मीच सांगितली होती.

आत्या चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "मी सांगत्ये तुला, ही खोली तेव्हा रिकामी झाली असती, तर एवढा उटारेटा करावा लागला नसता." आतोबांनी ऐकलं आणि बागेत गेले. बागेत त्यांना आता काम नव्हतं तरी गेले.

वासाचं प्रकरण यानंतरचं. हे प्राणी माणूस ओळखतात ते वासानं. म्हणून नव्या मालकानं अंगावरचं कापड आधी त्यांच्या पिंजऱ्यात ठेवावं. आतोबांनी खांद्यावरचा पंचा तीन दिवस धुतला नाही. घाम, खोबरेल आणि तपकीर यांनी तो पुरेसा सिद्ध झाल्यावर नाचणीच्या पिठाच्या पिशवीत घालून मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला. सोबत चिठ्ठी: "पंचा त्यांच्याजवळ ठेवणे. धुऊ नये."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मंजू आली, गळ्यात कापडी पिशवी आणि पिशवीत ती दोघं. आतोबा सकाळपासून फाट्यावर होते. या वेळी काही राहिलं म्हणून परत गेले नाहीत. संध्याकाळी पिंजऱ्यात सोडल्यावर त्या जिवांनी डोळे उघडले. राखाडी अंग, पाठीवर काळा पट्टा आणि सगळा चेहरा डोळ्यांचाच. आतोबांनी वहीत सांगितल्याप्रमाणे हळूच बोट पुढे केलं. त्यासरशी दोघं अशी कर्रकर्र ओरडायला लागली, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मंजूच्या बाहीत शिरायची, आत्याच्या हातून डिंक चाटायची आणि आतोबांना पाहिलं की ओरडायची. "मला ओळखत नाहीत," ते मला म्हणाले. "पंचा पाठवला होता मी." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी मंजूला विहिरीपाशी गाठलं. "पंचा पिंजऱ्यात ठेवला होतास ना?" तिनं दोर गुंडाळून रहाटाला अडकवला. मग म्हणाली, "नाही ठेवला. पिशवी उघडली आणि घरचा वास आला. मी तो माझ्या उशाशी घेऊन झोपते. हसू नकोस."

मला हसू येत नव्हतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. आतोबा पडवीत पपई चिरत होते, त्यांना जाऊन मी सगळं सांगून टाकलं. मंजू मागून येत होती, तिनं ऐकलं. आतोबांनी सुरी खाली ठेवली. खांद्यावरचा पंचा काढला, त्याची नीट चौघडी केली आणि तिच्या हातात दिला. "हा त्या दोघांना घाल. तो राहू दे तुझ्याकडे." मग म्हणाले, "चुकलं माझं, मंजू. खोली तेव्हा रिकामी करायला हवी होती." मंजू त्यांच्याजवळ खाली बसली आणि सहा वर्षांचं रडली. आतोबा उठून बागेत गेले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसले.

मंजू मद्रासला गेली नाही. पाऊस लागेपर्यंत त्या खाटेवर झोपली, डिंकाचे लाडू खाल्ले. महिन्याभरात ती दोघं आतोबांच्या सदऱ्याच्या खिशात दिवसभर झोपायला लागली. पुढे ती जोडी कायमचीच इथे राहिली. सात वर्षं झाल्यावर त्यातलं एक गेलं आणि वहीत लिहिलं होतं तसं दुसरं झुरून चार महिन्यांत गेलं. आतोबांनी दोघांना पायरीच्या कलमाखाली पुरलं.

आता आतोबा थकले. हातोडी, सुतळी विसरतात, छत्री तर आत्याच शोधून देते. पण दर फाल्गुनात, कैऱ्या दिसू लागल्या की मला त्यांचा फोन येतो. मंजूला स्वतः फोन करायला अजून संकोचतात. त्या खोलीत पुन्हा अढी लागलेली नाही. "अगो, मंजूला कळव," ते म्हणतात. "हंगाम सुरू झाला म्हणावं. ये."