सर्दीच्या दिवशीचं सूप

आखातातल्या रुवी भागातल्या एका व्हिएतनामी खानावळीत मी दर शुक्रवारी बीफ नूडल सूप खायला जायचे. मालकीणच स्वयंपाकीण. नावं आम्ही कधी विचारली नाहीत. तिकडच्या मोडक्यातोडक्या हिंदीत ती मला दीदी म्हणे, मी तिला दीदी. मी सुपावर लिंबू पिळायला गेले की हात धरायची. "पहले सिर्फ सूप!" आणि पहिला घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राही.

एका शुक्रवारी तिला सर्दी झाली होती. जुम्म्याची नमाज सुटून गर्दी येणार होती आणि तिला पातेल्याचा वासच कळत नव्हता. चमचा माझ्यापुढे धरून म्हणाली, "दीदी, मेरा नाक खलास. अच्छा मत बोलो, सच बोलो."

मी रत्नागिरीची, मसाल्यातलं उणं लगेच कळतं. "वो सितारेवाला मसाला कहाँ है?"

तिने कपाळावर हात मारला. भाजलेल्या चक्रीफुलांची पुरचुंडी ओट्यावरच राहिली होती. ती पातेल्यात सोडून तिने सरळ दाराला कडी लावली. बाहेरून गिऱ्हाइकांचं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला लवकर, सुरू झालं, तशी आतून ओरडली, "सूप अभी सो रहा है!"

बऱ्याच वेळाने मी पुन्हा चव घेऊन मान डोलावली, तेव्हाच तिने कडी काढली. माझ्या शब्दावर घरातसुद्धा इतकं कोणी थांबत नाही.