गुरुलिंगअप्पांची शपथ

परळीच्या मोंढ्यात उभा जन्म गूळ विकणाऱ्या माणसाला शुगर व्हावी, ह्याच्यासारखी थट्टा नाही. गुरुलिंगअप्पांना ती पंचावन्नाव्या वर्षी अचानक निघाली, तीही एकदम चारशेच्या घरात. घराण्यात कुणाला नाही, अंगावर चरबी नाही. पण मल्लम्माला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ढेप फोडली की चाखल्याशिवाय नवऱ्याची बोटं राहत होती थोडीच!

मग काय विचारता! बाईनं घरातला गूळ शेजारी नेऊन ठेवला, भात बंद केला, रोज सकाळी कारल्याचा रस पुढ्यात आदळायला लागली. अप्पा वाळत चालले. मोंढ्यातले लोक म्हणाले, "वैनी, तुमी तर अप्पाला पार तरणा केला!" मल्लम्माला केवढं भारी वाटलं. शुगर मात्र हटेना.

"चोरून खाता तुमी. बोटाला गुळाचा वास येतोय."

"आगं, दिवसभर गुळात बसतो, दुसरा कशाचा येईल? पाठ लई दुखती मल्लम्मा. भूकच न्हाई, तर चोरून कशाला खाऊ?"

तिला पटेना. शेवटी अप्पांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शपथ घेतली. लिंगायताच्या घरात ह्याच्यापुढं बोलणं नसतं. पण ही बाई म्हणाली, "देवाला तरी खोट्यात ओढू नका!"

त्यानंतर अप्पांनी पाठीचं दुखणंही तोंडातून काढलं नाही.

डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मुलगा मृत्युंजय दोघांना लातूरला घेऊन गेला. तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडात गाठ आहे. शुगर खाण्यानं नाही, हिच्यामुळं आली. वजनही हिच्यामुळंच उतरलं. आता ती लिव्हरमध्ये गेलीय."

"मग काढा की वो! माझा जीव घ्या, पण ती काढा!"

"आता काढता येण्यासारखी राहिली नाही, आई."

बाहेर बाकावर मल्लम्मानं नवऱ्याचे हात धरले नि ती हमसून हमसून रडायला लागली. "आवो, मला शिव्या द्या, मारा. म्या लिंगाच्या शपथेवर पण इश्वास ठेवला न्हाई."

अप्पांच्या पिवळ्या चेहऱ्यावर हसू आलं. मरणाचं कळूनही त्या माणसाला सुटल्यासारखं वाटत होतं. "म्हंजी म्या खाल्लं न्हवतं. आता पटलं न्हवं?"

तिनं मान हलवली. मग अप्पा हळूच तिच्याकडं वळले.

"पाठ लई दुखती गं."

"कुठं?" तिनं विचारलं. एवढ्या महिन्यांत हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.