समुद्रफूल पोहतं म्हणे! आक्काबरोबर मालवण

माझी थोरली बहीण, आक्का, कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, जन्मभर खडकाला चिकटून बसतं, हे तिनं पोरांच्या किती पिढ्यांना घोटून घेतलं असेल देव जाणे. निवृत्तीच्या तोंडावर कुणीतरी पोहणाऱ्या समुद्रफुलाचा व्हिडिओ पाठवला आणि बाईची झोप उडाली.

"आजकाल मोबाइलात म्हशीबी उडत्यात. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी वर्गात सांगणार न्हाय. गाडी काढ."

आम्ही मालवणला मासे खायला जातो. समुद्र तिथं असतोच, म्हणून बघून येतो. पण आक्कापुढं कुणाचं चालतंय?

गगनबावड्याला चहा-भजी, मग करूळ घाट. जायचं तर अमावास्येच्या आसपास जा, ओहोटी मोठी मिळते. दोघांचं राहणं-जेवण तीन हजारांत झालं. सुरमई झकास, सोलकढी मागाल तितकी.

पहिल्या सकाळी आक्का खडकांमधल्या डबक्यांवर वाकून बसली. समुद्रफुलं ढीगभर, पण सगळी ढिम्म.

"आपल्या मामासारखीच हाईत की," मी म्हणालो. "जागा सोडंनात."

आक्का हसली नाही. रात्री जेवलीही नाही. मग मात्र मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना, आम्ही उतरलो होतो तिथले घरमालक म्हणाले, "चपला बदला, शेवाळ आहे." करकर वाजणारी अस्सल कोल्हापुरी चप्पल काढून रबरी घालू? गावाची अब्रू होती. ती पहिल्याच ओल्या खडकावर गेली आणि मी धपकन डबक्यात बसलो. माझ्या मांडीशेजारचं एक तपकिरी समुद्रफूल वैतागलं, खडक सोडून उठलं आणि शेवयांसारखे सगळे हात एकदम झटकत चक्क पोहत निघालं.

"आक्का! उचल की मला!"

"हलू नगंस! बसून ऱ्हा तिथंच!"

तिचे डोळे भरले होते, माझ्या कमरेसाठी नव्हे. ते समुद्रफूल पलीकडच्या खडकाला टेकेपर्यंत ती जागची हलली नाही. खरं सांगतो, मीही दुखणं विसरलो.

घरी येऊन कंबर अजून शेकतोय. आक्कानं शेवटच्या तासाला फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं आणि खालचा खडक तळहातानं पुसून टाकला. मग एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिवायचं?"

"चिकटलेलं लिव, मार्क पडतील," आक्का म्हणाली. "पर एकदा जाऊन बघ. आणि जाताना भावाला संगं ने. डबक्यात ढकलायला."