तेरेजाताईंना दिलेली जागा

तेरेजाताईंचा मला हेवा वाटायचा. काल त्यांना माती दिली, तरी वाटतोय.

कालपासून सगळे फोन करून म्हणतायत, "दादा, तुमचा मोठा आधार गेला."

आधार कसला? त्या आल्या तेव्हा मला नकोच होत्या.

मोताळ्यातलं आमचं चर्च लहान. प्रोटेस्टंट घरं आठ. पाळकसाहेब बुलडाण्याहून महिन्यातून दोनदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवायचो. झाडू मी, पेटी मी, वाचन मी. वडिलांनंतर चर्चचा कारभार बघणारा पंचही मीच.

वीस वर्षं. हजेरी बारा-तेरा.

ताई कॅथलिक. मूळच्या जालन्याकडच्या, सरकारी नर्स. इथं कॅथलिक घरं पाच. त्यांचे फादर महिन्यातून एकदा येत आणि ताईंच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना होई. ताई रिटायर झाल्या, क्वार्टर सुटलं, भाड्याची खोली लहान, आणि पाच घरांना बसायला जागाच राहिली नाही.

त्या आमच्या घरी आल्या. घर चर्चच्या आवारातच आहे.

"दादा, महिन्यातून एक दिवस चर्च द्याल का?"

मी म्हटलं, "मीटिंग घ्यावी लागेल."

आतून आई ओरडली, "मीटिंग काऊन? देव काय तुह्या बापानं घेऊन ठेवला हाय?"

झाली मीटिंग तिथंच.

नंतर ताई म्हणाल्या, "आमचे तीन रविवार मोकळेच जातात. तुमच्यात बसू का?"

बसल्या. पाच घरं घेऊन बसल्या.

आमच्या शमुवेलकाकांनी मरियामातेच्या तसबिरीवरून वाद घातला. "तो फोटो आत आला तर मी पायरी चढत नाही."

ताई म्हणाल्या, "काका, तसबीर माझ्या घरी राहील, जपमाळही मी घरीच म्हणेन. तुम्ही पायरी चढा."

काका चढले. वर्षभरात तेच ताईंसाठी जागा धरून बसायला लागले.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, आमचं आमच्या पाळकांकडून, त्यांचं फादरांकडून. ते वेगळंच राहिलं, आणि त्याचं दुःख ताई लपवत नसत. पण प्रार्थना, वाचन, गाणी एकत्र. आजाऱ्याच्या घरी जाणं एकत्र. नाताळचा फराळही एकाच कढईत.

आणि गाणी!

मी वीस वर्षं पट्टी देत होतो, कोणी तोंड उघडत नव्हतं. ही बाई चक्क बेसूर. पण ती गायला लागली की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा सुरू.

मी पेटीवर बसून जळायचो. खरं सांगतो.

कोणाचं बीपी वाढलंय, कोणाची पोरगी बाळंतपणाला आलीय, सगळं त्यांना माहीत. निम्म्या चर्चचा जन्म त्यांच्या हातावरचा. मी पंच, आणि लोक अडचण सांगायला त्यांच्याकडे.

आई तापानं पडली तेव्हा मी उशाशी बसलो होतो. डोळे उघडून तिनं पहिलं विचारलं, "तेरेजा आली काय?"

मग तो गुड फ्रायडे.

त्या दिवशी क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सातवा उद्गार आधी वडिलांचा, मग माझा. त्या वर्षी मंडळीनं ठरवलं, सातवा ताई घेतील. माझ्याकडे चौथा.



दुपारी सगळे जमले तेव्हा मी सांगितलं, "चर्चची किल्ली सापडून नाही राह्यली."

किल्ली माझ्या खिशात होती.

एप्रिलचं ऊन. लोक आवारातल्या लिंबाखाली बसले. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर. मी डोकं दुखतंय म्हणून घरात, खिडकीशी.

चौथा उद्गार शमुवेलकाकांनी उरकला. सातव्याला ताई उठल्या आणि म्हणाल्या, "हा दादांचा आहे. ते येईपर्यंत थांबू."

आणि थांबले की सगळे! त्या उन्हात.

काका दारात आले. "काऊन बे? बाई उभी हाय तिकडं. चाल."

गेलो. काय बोललो ते आठवत नाही. मधेच आवाज गेला तेव्हा ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

लोक पांगल्यावर त्या जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "किल्ली सापडली की सांगा दादा. घाई नाही."

बास. कोणाला बोलल्या नाहीत. आईलाही नाही.

मला वाटलं होतं, लाज वाटून तरी हेवा जाईल. उलट वाढला. क्षमा करणंही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

परवा सकाळी ताई गेल्या. हार्ट.

पुतण्या म्हणाला, "जालन्याला नेतो. इथं कॅथलिक दफनभूमी नाही." खरं होतं. इथली दफनभूमी आमची, आणि परवानगी पंचाची. तेराही घरं माझ्याकडे बघत होती.

एक गोष्ट मी दोन वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. आई जायच्या आठवड्यात म्हणाली होती, "माह्या बाजूची जागा तेरेजाले ठेवजो."

मी "हो" म्हटलं होतं. आणि मनात ती जागा स्वतःसाठी धरून ठेवली होती.

काल सगळ्यांसमोर सांगितलं. आईचे शब्द, जसेच्या तसे. गुड फ्रायडेचंही सांगितलं.

 शमुवेलकाका उठले आणि फावडं आणायला गेले.

फादर आणि पाळकसाहेब कबरीच्या डोक्याशी शेजारी शेजारी उभे राहिले. माती आधी कोणी टाकायची यावरून दोघं "तुम्ही टाका, तुम्ही टाका" करत राहिले. शेवटी मी टाकली.

आता आईच्या बाजूला तुम्ही आहात, ताई. मी नाही.

हेवा वाटतो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

आठ आणि पाच, तेराही घरांकडून शेवटचा सलाम.